गिटारच्या पेडलची जवारी

नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगणावर १५ डिसेंबर २०१९ रोजीं आयर्लंडच्या यू-टू या वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. पुढें २०२५ च्या जानेवारींत १८, १९ व २१ या तारखांस कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदानें त्याच ठिकाणीं तीन रात्री गाजविल्या. असल्या कार्यक्रमांतून घरीं परतणाऱ्या तरुणाच्या कानांत विजेवर चालणाऱ्या गिटारचा एक विशिष्ट ध्वनि पुष्कळ दिवस घुमत राहतो. कांठोकांठ भरलेल्या घागरींतून पाणी सांडावें, तसा तो भरून सांडत असतो. स्वर लांबतो, त्याच्या कडेला किंचित् खर येते, आणि एकाच तारेंतून दोनतीन तारा बोलत असल्याचा भास होतो. या परिणामाला ओव्हरड्राइव्ह असें म्हणतात.

तोच तरुण वाशीच्या किंवा सानपाड्याच्या आपल्या बिऱ्हाडीं गिटार घेऊन बसतो, तेव्हां त्याला निराळीच अडचण येते. सिडकोनें १९७० नंतर वसविलेल्या या नगरांत भिंतीला भिंत लागून घरें आहेत. ध्वनिप्रदूषणासंबंधींच्या २००० सालच्या नियमांनीं निवासी वस्तीसाठीं दिवसा ५५ डेसिबल व रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे. आणि नियमाची आठवण होण्यापूर्वींच शेजारच्या आजी दार ठोठावतात. क्रीडांगणावरचा ध्वनि एवढ्याशा मर्यादेंत कसा बसवावा? त्यासाठीं पायाखालीं ठेवण्याची एक लहानशी धातूची पेटी मिळते. तिलाच ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणतात. गिटार व ध्वनिवर्धक यांच्या मध्यें ती जोडावयाची, पायानें कळ दाबावयाची, कीं आवाज लहान असूनहि स्वर भरून सांडूं लागतो.

कांहीं दिवस समाधानांत जातात. मग खालच्या तारा पातळ वाटूं लागतात. स्वर नाकांतून आल्यासारखा वाटतो. कोणी सांगतो, आंतली चिप बदल. कोणी सांगतो, जुन्या काळचे भाग मिळव, त्यांत जादू आहे. पैसे साठवून घेतलेलें हें एकुलतें एक पेडल उघडावें कीं नाहीं, आणि उघडलेंच तर आंत नेमकें काय बदलावें, हा प्रश्न मग उभा राहतो. त्याचें उत्तर जादूंत शोधण्याचें कारण नाहीं. तें साध्या पदार्थविज्ञानांत आणि कानाच्या शिस्तींत आहे.

या ध्वनीचा जन्म बिघाडांतून झाला. गिटारचे ध्वनिवर्धक पूर्वीं कांचेच्या व्हॉल्व्हांवर चालत असत, आणि त्यांच्या शक्तीबाहेर त्यांना राबविलें म्हणजे स्वर फाटत असे. १९५१ सालीं अमेरिकेंत मेम्फिस येथें ‘रॉकेट ८८’ या गीताचें मुद्रण झालें, त्या वेळीं गिटारवादकाचा ध्वनिवर्धक बिघडलेला होता. तो तसाच वापरण्यांत आला आणि तो फाटका स्वर लोकांना आवडला. १९५८ सालीं लिंक रे यानें ‘रंबल’ या गतीसाठीं आपल्या ध्वनिवर्धकाच्या कर्ण्याच्या कागदाला भोकें पाडलीं. १९६४ सालीं इंग्लंडच्या किंक्स या वाद्यवृंदांतील डेव्ह डेव्हिस यानें तोच कागद पात्यानें चिरला. तत्पूर्वीं नॅशव्हिल येथें १९६० सालीं एका मुद्रणाच्या वेळीं यंत्रांतील सदोष भागामुळें बेस गिटारचा स्वर असाच खरखरला होता. तो दोष पुन्हां हवा तेव्हां हाताशीं असावा, या हेतूनें तेथील ध्वनियंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यानें मंडल रचलें, आणि १९६२ सालीं तें ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नांवानें पायाखालच्या पेटींतून बाजारांत आलें.

अपघातानें सांपडलेली ही गोष्ट पुढें जपानी कारखान्यांनीं मोजूनमापून घडविली. बॉस या नांवाचें ‘ओडी-१’ हें पेडल १९७७ सालीं निघालें. १९७९ च्या सुमारास आयबानेझ या नांवानें ‘ट्यूब स्क्रीमर टीएस-८०८’ विक्रीस आलें, व १९८२ सालीं त्याचें धाकटें भावंड ‘टीएस-९’. अमेरिकन वादक स्टीव्ही रे व्हॉन याच्यामुळें या हिरव्या पेटीची कीर्ति सर्वत्र झाली. आज जगांत विकल्या जाणाऱ्या कितीतरी ओव्हरड्राइव्ह पेडलांचें मंडल याच घराण्याचें आहे. मुंबईंतहि ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन या संस्थेसारखे पेडल घडविणारे कारागीर आहेत. तेव्हां हें एकच घराणें नीट समजून घेतलें, तर पुष्कळ पेट्यांचें रहस्य उलगडतें.

प्रथम छाटणी म्हणजे काय तें पाहावें. तारेच्या कंपनापासून विजेचा जो तरंग निर्माण होतो, तो डोंगर व दऱ्या यांप्रमाणें वरखालीं होणारा असतो. कोणत्याहि मंडलाला ठराविक उंचीपलीकडे तो उचलतां येत नाहीं. त्याहून अधिक उचलूं गेल्यास डोंगराचे माथे कापले जातात आणि शिखराच्या जागीं पांचगणीच्या टेबललँडसारखें पठार दिसूं लागतें. या छाटणीमुळें तरंगांत मुळांत नसलेले स्वर मिसळतात. मूळ स्वराला षड्ज म्हटलें, तर दुप्पट कंपनांचा तार षड्ज, तिप्पट कंपनांचा तार सप्तकांतील पंचम, पांचपट कंपनांचा त्याहूनहि वरच्या सप्तकांतील गंधार, अशी ही मालिका असते.

ज्यानें तंबोरा ऐकला आहे, त्याला हे पाहुणे अपरिचित नाहींत. नीट जुळलेल्या तंबोऱ्यांतून, त्या स्वराची तार लावलेली नसतांहि, जो गंधार ऐकूं येतो, त्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात. तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित् बाकदार असते. कांपणारी तार तिच्या पाठीवर टेकते, उठते, पुन्हां टेकते. आणि तारेखालीं सरकविलेला सुताचा दोरा हा स्पर्श कसा व्हावा तें ठरवितो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं कांहीं भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधांत ही गोष्ट मांडली. तार अमुक ठिकाणीं छेडली असतां अमुक उपस्वर उमटणार नाहींत, असा यंग व हेल्महोल्ट्झ यांचा नियम आहे; तंबोरा व वीणा यांच्या घोडीमुळें मात्र तेच उपस्वर स्पष्ट ऐकूं येतात, असें त्यांनीं दाखविलें. घोडीची पाठ कानशीनें घासून हा गुण साधणें, याचें नांव जवारी. मिरजेच्या कारागिरांची ती पिढीजात विद्या आहे, आणि तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. तंबोऱ्यांत तारेच्या वाटेंत घोडीचा कांठ येतो, पेडलांत विजेच्या तरंगाच्या वाटेंत एक इवलासा भाग येतो; कंपनाला पूर्ण मोकळें न सोडतां त्यांतून नवे स्वर काढावयाचे, हें तत्त्व दोहोंकडे सारखेंच आहे.

पेडलांतील त्या भागाचें नांव डायोड. विजेच्या दृष्टीनें तें एकाच दिशेनें उघडणारें दार होय. सिलिकॉनच्या डायोडचें दार सुमारें ०·६ व्होल्ट दाब आला म्हणजे उघडतें. ट्यूब स्क्रीमरमध्यें असे दोन डायोड एकमेकांच्या उलट दिशेनें बसविलेले असतात. एक डोंगराचा माथा आवरतो, दुसरा दरीचा तळ. त्यांची जागा मात्र मोठ्या चातुर्यानें निवडलेली आहे. तरंग वाढविणाऱ्या चिपच्या परतीच्या वाटेवर ते बसतात. त्यामुळें छाटलेल्या तरंगावर मूळ तरंग स्वार झालेला राहतो. छाटणीची कड त्यामुळें धारदार न होतां गोलसर राहते, आणि वादकानें तार हळू छेडली कीं जोरानें, हें पेडल सुरूं असतांहि कळतें.

चिपची वाढविण्याची शक्ति दोन रोधकांच्या प्रमाणावर ठरते. रोधक म्हणजे बाजारांत ज्याला रेझिस्टर म्हणतात तो भाग. येथें परतीच्या वाटेवर ५१ किलोओहमचा रोधक व त्याच्या जोडीला ५०० किलोओहमचें फिरतें बटण असतें. खालच्या बाजूस ४·७ किलोओहमचा रोधक असतो. बटण सर्वांत खालीं असतांना तरंग सुमारें १२ पट वाढतो, व पूर्ण फिरविलें असतां सुमारें ११८ पट. गिटारमधून येणारा तरंग व्होल्टच्या दहाव्या हिश्शाइतका धरला, तरी ११८ पट म्हणजे जवळजवळ १२ व्होल्ट होतात. पेडलांतील बॅटरी ९ व्होल्टांची. एवढी उंची गाठण्याच्या कितीतरी आधीं डायोडांचें दार उघडतें आणि छाटणी सुरूं होते.

आतां खालच्या तारा पातळ कां वाटतात, तें पाहावें. त्या ४·७ किलोओहमच्या रोधकाबरोबर ०·०४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर ओवलेला असतो. कपॅसिटर उंच स्वरांना सहज वाट देतो, खर्जाला अडवितो. या जोडीचा उंबरठा सेकंदास सुमारें ७२० कंपनांवर येतो. त्याच्या खालचे स्वर चिप उत्तरोत्तर कमी वाढविते. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सेकंदास सुमारें ८२ कंपनांचा. बटण पूर्ण फिरविलेलें असतां वरच्या स्वरांना ११८ पट वाढ मिळते, तर या स्वराच्या वांट्याला जेमतेम १३ पट येते. छाटणी होऊन गेल्यावर पुढें १ किलोओहम व ०·२२ मायक्रोफॅरड यांची दुसरी जोडी लागते. तिचा उंबरठाहि सुमारें ७२० वरच आहे. पण ती उलट दिशेनें, म्हणजे उंच स्वरांना, आवरते. दोन्ही बाजूंनीं अशी आवरासावर झाल्यामुळें मधले स्वर टेंगळासारखे वर येतात. घरांत एकट्यानें वाजवितांना जो स्वर नाकांतला वाटतो, तो या टेंगळाचा परिणाम होय.

हा रचनाकाराचा प्रमाद नव्हे. छाटणीच्या मंडलांत दोन स्वर एकदम घातले, तर त्यांचे स्वतंत्र उपस्वर तर निघतातच, शिवाय दोहोंच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचेहि स्वर निघतात. षड्ज व पंचम यांचें प्रमाण दोनास तीन. वजाबाकी एक, म्हणजे खालचा षड्ज. तो सुरांतच असतो, म्हणून रॉकच्या वादकांना षड्जपंचमाची जोडी प्रिय आहे. षड्ज व गंधार यांचें शुद्ध प्रमाण चारास पांच. पण गिटारच्या पडद्यांवरील गंधार समविभागाच्या पद्धतीमुळें शुद्ध गंधारापेक्षां अर्धस्वराच्या सुमारें १४ शतांशांनीं चढा असतो. वजाबाकीचा स्वर मग सुरांतून सरकतो आणि कलकलाट होतो. खर्जाचे बलवान् स्वर छाटणींत शिरले, तर ही गिचमीड फारच वाढते. म्हणून खर्ज आधींच कमी करून मग छाटणी करावयाची, असा हा बेत आहे. शिवाय वाद्यवृंदांत खर्ज बेस गिटार व ढोल यांच्या मालकीचा, अतिउंच प्रदेश झांजांचा. मधल्या टेंगळामुळें गिटारला त्या गर्दींत आपली जागा मिळते. एकांतांत जो दोष वाटतो, तो संगतींत गुण ठरतो.

एवढें ध्यानांत घेऊन पेटी उघडली, तर बदल करणें हें अंधारांत चाचपडणें राहत नाहीं. त्यासाठीं लागणारे भाग दुर्मिळ नाहींत. नवी मुंबईहून हार्बर मार्गानें मुंबईंत येऊन ग्रँट रोड गांठावें, तेथील डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, म्हणजे जुन्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक भागांच्या दुकानांची रांगच आहे. येथें सांगितलेले कपॅसिटर व डायोड हे मुळांत स्वस्त भाग आहेत. खरी किंमत कोणता घ्यावा हें कळण्याला आहे.

पहिला बदल खर्जाचा. ०·०४७ च्या जागीं ०·१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला, तर उंबरठा ७२० वरून सुमारें ३४० वर उतरतो, आणि जाड तारेच्या मूळ स्वराची वाढ १३ पटींवरून २८ पटींवर जाते. स्वर भरदार होतो. एकट्यानें वाजविणाऱ्याला घरांत तो सुखाचा वाटतो. ०·२२ चा घातला, तर उंबरठा सुमारें १५४ वर येतो व तीच वाढ ५६ पटींच्या आसपास जाते. मात्र तीनचार तारा एकदम छेडल्या कीं वर वर्णिलेली गिचमीड सुरूं होते. बहुतेकांना पहिली पायरी पुरते.

दुसरा बदल छाटणीचा. दोन्ही बाजू सारख्याच छाटल्या, म्हणजे तिप्पट, पांचपट, सातपट अशा विषम क्रमांकांचेच उपस्वर निघतात. एका बाजूस एकाऐवजीं दोन डायोड एकापाठोपाठ जोडले, तर त्या बाजूचा कांठ दुप्पट उंच होतो, छाटणी विषम होते, आणि तार षड्जासारखे सम क्रमांकाचे उपस्वरहि मिसळतात. १९८१ सालच्या बॉस ‘एसडी-१’ या पेडलांत हीच रचना आहे. डायोडचा प्रकारहि बदलतां येतो. जर्मेनियमचें दार सुमारें ०·३ व्होल्टांना उघडतें. छाटणी लौकर होते, स्वर दाटतो, आवाज घटतो. तांबड्या एलईडीचें दार सुमारें १·७ व्होल्टांना उघडतें. छाटणी उशिरां होते, स्वर अधिक मोकळा लागतो, आणि आवाज सिलिकॉनच्या मानानें सुमारें ९ डेसिबलांनीं वाढतो.

तिसरा बदल कीर्तीचा म्हणावा लागेल. जुन्या पेट्यांतील ‘जेआरसी ४५५८’ या आठ पायांच्या चिपभोंवतीं मोठी आख्यायिका गुंफली गेली आहे. त्याचप्रमाणें टीएस-९ चें टीएस-८०८ करून देण्याची सेवा हौशी मंडळींत लोकप्रिय आहे. या दोन पेट्यांच्या मंडलांतील मुख्य भेद बाहेर पडण्याच्या दारावरील दोन रोधकांचा: एकींत १०० ओहम व १० किलोओहम, दुसरींत ४७० ओहम व १०० किलोओहम. हा भेद खरा आहे, पण सूक्ष्म आहे. छाटणी डायोड करितात, खर्ज कपॅसिटर ठरवितो. चिपनें फक्त तरंग उचलून धरावयाचा असतो. चांगल्या स्थितींतील एक चिप काढून तिच्या जागीं नामांकित चिप बसविल्यानें होणारा फरक बहुधा कानापेक्षां मनालाच अधिक ऐकूं येतो. पैसा थोडा असेल त्यानें तो येथें प्रथम खर्चूं नये.

कृतीसंबंधीं कांहीं पथ्यें आहेत. जुनें, मूळ टीएस-८०८ हाती असेल तर त्याला हात लावूं नये. संग्राहक त्याची मोठी किंमत देतात व ती मूळ अवस्थेचीच असते. ज्या पेटींत वाळूच्या कणांएवढे पृष्ठभागी चिकटविलेले भाग असतात, ती नवशिक्यानें टाळावी. बॅटरी व विजेची जोडणी काढून मगच पेटी उघडावी, आणि प्रथम आंतल्या पाटीचें छायाचित्र घ्यावें. डाख वितळवितांना तापलेली इस्त्री एका जागीं दोनतीन सेकंदांपेक्षां अधिक टेकवूं नये. पाटीवरील तांब्याची पातळ टिकली उष्णतेनें सुटते, आणि हा अपघात झाला म्हणजे पेडल दुरुस्त करणें जिकिरीचें होतें. जुना भाग निघाल्यावर त्या जागीं नवा भाग लगेच न डाखतां छोटें सॉकेट बसवावें. म्हणजे निरनिराळे भाग नुसते खोचून पाहतां येतात व मूळ स्थितीला परत जाण्याची वाट खुली राहते. काढलेला भाग टाकूं नये. खाडीकांठच्या या शहरांत पावसाळ्यांत हवा चार महिने दमट असते, आणि जोडण्या व फिरतीं बटणें यांवर त्याचा परिणाम होतो. कित्येकदां पेडल बिघडलें असें वाटतें, तेव्हां जोडण्या साफ केल्यानेंच काम भागतें. नऊ व्होल्टांच्या पेटींत शरीराला धोका नाहीं. मात्र हीच उमेद व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकावर चालवूं नये. त्यांत शेंकडों व्होल्टांचा दाब असतो, व वीज बंद केल्यावरहि तो कांहीं काळ टिकून राहूं शकतो.

बदल झाला, आतां न्याय कोणी करावा? कान करील, पण कानाला फसविणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली गोष्ट आवाजाची. दोन स्वरांपैकीं जो किंचित् मोठा, तोच माणसाला अधिक चांगला वाटतो. एलईडी बसविल्याबरोबर स्वर उजळला असें वाटतें, त्यांत त्या ९ डेसिबलांचा वांटा केवढा, हें आवाज सारखा करून घेतल्याशिवाय कळत नाहीं. म्हणून तुलना करतांना प्रथम दोन्ही आवाज समान करावेत, आणि कोणता भाग केव्हां खोचला आहे, हें मित्रानें गुप्त ठेवावें. दहा वेळां ऐकून दहाहि वेळां भेद ओळखतां आला, तर तो भेद खरा. पांच वेळां ओळखतां आला, तर नाणें उडवूनहि तेवढें यश मिळालें असतें.

दुसरी गोष्ट खोलीची. फ्लेचर व मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं दाखविलें कीं, आवाज लहान असतांना मनुष्याच्या कानाला खर्ज विशेष कमी ऐकूं येतो. आवाज वाढला कीं तो झपाट्यानें भरून येतो. घरांत, रात्रीच्या मर्यादेंत, ज्याला ०·२२ चा कपॅसिटर अगदीं योग्य वाटला, तोच वादक महाविद्यालयाच्या संमेलनांत मोठ्या ध्वनिवर्धकासमोर उभा राहिला, तर त्याच्या गिटारचा खर्ज बेस गिटारशीं भांडूं लागतो, षड्ज-गंधाराची जोडी चिखलांत रुतते, आणि श्रोत्यांना गिटार ऐकूंच येत नाहीं. पेडल तेंच, हात तेच. फक्त ज्या खोलींत निर्णय झाला ती खोली बदललेली असते. नाकांतल्या स्वराचें टेंगूळ काढून टाकल्याचा पश्चात्ताप पुष्कळांना अशा वेळींच होतो.

यावर उपाय सोपा आहे. मूळ ०·०४७ चा कपॅसिटर जागच्या जागीं ठेवावा, आणि सुमारें तेवढ्याच मापाचा दुसरा कपॅसिटर एका लहान कळीमार्फत त्याला समांतर जोडावा. समांतर जोडलेल्या कपॅसिटरांच्या मापांची बेरीज होते. कळ दाबली म्हणजे ०·०९४, म्हणजे जवळजवळ ०·१ चा भरदार स्वर. उघडली म्हणजे रचनाकारानें ठरविलेला मूळ स्वर. एक घरासाठीं, एक मंचासाठीं. पेटीला एक भोक पडतें खरें, पण आंतलें कांहींच नष्ट होत नाहीं.

सतारीच्या जवारींतहि खुली व बंद असे दोन प्रकार आहेत. खुल्या जवारींत तार झणत्काराने उजळते. बंद जवारींत ती गोल व शांत बोलते. पंडित रविशंकर यांची सतार खुल्या जवारीची, उस्ताद विलायत खां यांची बंद जवारीकडे झुकणारी. यांतील श्रेष्ठ कोणती, असा प्रश्न कोणी जाणता विचारीत नाहीं. कारागीर घोडीवर कानस ठेवण्यापूर्वीं वादकाला वाजवावयास सांगतो, ऐकतो, थोडें घासतो, पुन्हां ऐकतो. अधिक घासलेली घोडी मात्र पुन्हां भरून येत नाहीं, हें त्याला ठाऊक असतें. वाशीच्या बिऱ्हाडांत पेडलच्या झाकणाचे चार स्क्रू सैल करणाऱ्या तरुणाला डाख व सॉकेट यांच्या साह्यानें मागें फिरण्याची सोय आहे. ती राखून, एका वेळीं एकच भाग बदलून, दर वेळीं ऐकून पुढें जावें.